जमीन बघायला

लोक घर बघायला जातात. गुलसेरेन जमीन बघायला जाते.
पर्समध्ये नकाशा, चारही घड्यांवर फाटलेला,
चिकटपट्टीने सांधलेला.
खडक हिरवा, भराव लाल,
आणि मधला पिवळा म्हणजे, तिच्या शब्दांत, देवाची मर्जी.

मार्चपासून अकरा रविवार
आम्ही इस्तंबूल असं रंगारंगाने फिरतोय.
सारियेरच्या चढावर सगळं हिरवंगार.
एजंटने टाच आपटली: ऐका ताई, कातळ आहे.
तिने खरंच ऐकलं, मान तिरकी करून,
दाराशी कलिंगड निवडावं तसं.
मग त्याने भाडं सांगितलं
आणि कातळावर उभ्या असलेल्या आमच्या
पायाखालची जमीन सरकली.

चेकमेकोयला खडक आहे, भाडंही झेपेल.
तिथून धक्क्यावर यायला दोन बस, एक मेट्रो,
आणि माझी पहिली बोट सहाला सुटते.
तरी चौदा मजली इमारतीच्या तळाशी
वीस मिनिटं उभे राहिलो.
माणसं आली, गेली.
इल्गीन म्हणाली, बाबा, इथे सगळे लिफ्टच्या आकड्यांकडेच बघतात.

मी फेरीबोटीवरचा मेकॅनिक.
वीस वर्षं हलत्या लोखंडावर उभा आहे,
गादीवर पडलो तरी पोटऱ्यांत इंजिन चालूच.
मला काय कळणार, घर हललं की मी?
एकदा बोललो हे, गंमत म्हणून.
ती हसली नाही.
तिच्या उशाशी शिट्टी असते. लग्नाच्या आधीपासून.

यादीत समात्या नव्हतंच.
नकाशात ते लाल, आणि नेमकी तिथेच घडी पडून
कागदाला भोक पडलेलं.
इल्गीनला शू लागली म्हणून उतरलो बसमधून.
कोपऱ्यावर किराणा दुकान, गल्ल्यावर ताकूही बाई,
सत्तरीच्या, बोटांना लसणाचा वास.
पोरीला आत नेलं, परत आणलं, हातावर जर्दाळू ठेवला.
घर शोधताय?
समोरचा दुसरा मजला रिकामा आहे.
माणसं किती?
तीन.
झोपणार कुठल्या खोलीत?

मी म्हणालो, बाई, हे विचारणं शोभतं का?

त्यांनी लसूण खाली ठेवला.
माझी बहीण अवजिलारला राहायची.
नव्याण्णवचा ऑगस्ट, पहाटेचे तीन,
सहा मजल्यांचा एक ढीग.
माणसं पुढच्या बाजूने उपसत होती.
खालचा न्हावी ओरडला: पुढे नाही रे, मागे!
उकाड्यात ती मोरीच्या दाराशी आडवी होते, डोकं खिडकीकडे.
न्हाव्याला ठाऊक होतं.
दुपारी काढली. अजून भांडते माझ्याशी फोनवर.

मग गल्ल्याखालून वही काढली,
उजव्या पानावर उधारी,
डाव्या पानावर कोण कुठे झोपतं.
मुरतझा मास्तर, सोफ्यावर, बायको गेल्यापासून.
जुळी पोरं, बाल्कनीलगत.
वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली आली,
बाईंनी सहा अंडी ठेवली, न बघता, हात वर करून
दोरी हलवली.

गुलसेरेनने नकाशा उलगडला.
भोकातून तिचं बोट आरपार गेलं,
खाली गल्ल्याच्या लाकडाला टेकलं.
बराच वेळ ती तशीच.
चेकमेकोयच्या एजंटचा फोन वाजत होता पर्समध्ये,
मी घेतला नाही, तिनेही नाही.

मुलगी मागच्या खोलीत, ती म्हणाली,
आम्ही रस्त्याकडच्या.
मी दाराशी. हा भिंतीकडून.

अहो, आपण घर पाहिलंसुद्धा नाही अजून, मी म्हणालो.

घोरतो हा, ती बाईंना म्हणाली,
आवाजावरून सापडेल.

बाईंनी पेन झटकलं
आणि तेही लिहून घेतलं.